बातमीदारी

घडलेली गोष्ट शोधणे, ती पडताळणे आणि अनोळखी वाचकालाही कळेल अशी लिहून देणे, हे वृत्तपत्रातील मूळ काम. ते करणाऱ्याला बातमीदार, वार्ताहर, बोलीत रिपोर्टर म्हणतात. शब्द छापखान्याच्या आधीचा आहे. शिवकालात आणि पेशवाईत बातमीदार म्हणजे गनिमाच्या हालचालींची खबर आणणारा माणूस. पेशव्यांचे दिल्लीतील वकील हिंगणे यांची पत्रेही दरबारच्या बातम्यांनी भरलेली असत. पण ती एका धन्यासाठी. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढले. तेथून मराठी बातमीला धनी म्हणून वाचक मिळाला, आणि खोट्या बातमीचे उत्तरही चारचौघांत द्यावे लागू लागले.

ऐकीव गोष्ट सांगायला मराठीत ‘म्हणे’ एवढा एकच शब्द पुरतो. ‘पूल खचला म्हणे’ असे म्हटले की बोलणारा मोकळा. बातमीदाराला ही सवलत नाही. पूल कोणी पाहिला, कधी पाहिला, किती खचला, वाहतूक बंद आहे का, बांधकाम खात्याचा अभियंता काय सांगतो, हे विचारूनच त्याला लिहावे लागते. जमल्यास स्वतः पुलावर जाऊन. ‘असे समजते’, ‘विश्वसनीय सूत्रांकडून कळते’ ही वाक्ये म्हणजे छापील ‘म्हणे’च. कधी कधी त्यांना इलाज नसतो. एरवी ती फोन न केल्याची खूण असते.

कागद हाती आला म्हणजे पुरावा मिळाला, असेही नाही. याचे मराठीतील सर्वांत ठसठशीत उदाहरण कोल्हापूर प्रकरणाचे. दत्तक आलेले तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा कारभारी माधवराव बर्वे छळ करतात, असा आरोप ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी केला. त्याला आधार होता बर्व्यांची म्हणून हाती आलेल्या पत्रांचा. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि कोर्टात पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरी १८८२ मध्ये टिळक व आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. पुढे डिसेंबर १८८३ मध्ये महाराज अहमदनगरला देखरेखीखाली असताना गोऱ्या सैनिकाशी झालेल्या झटापटीत मरण पावले. म्हणजे महाराजांबद्दलची काळजी अनाठायी नव्हती. पण त्यामुळे पत्रे काही खरी झाली नाहीत. तळमळ खरी असली की कागद तपासायचा राहून जातो, हा धोका आजही तसाच आहे. आता फक्त पत्राच्या जागी मोबाईलवर फिरणारी चित्रफीत असते.

कागद देणाऱ्याचा हेतू काय, हा प्रश्न म्हणूनच कागदाइतकाच महत्त्वाचा. मंत्रालयातून फाईलची प्रत बाहेर येते तेव्हा बहुधा कोणाची तरी बदली, बढती किंवा कंत्राट अडलेले असते. त्याने माहिती खोटी ठरत नाही, पण अर्धी असू शकते. ज्याच्यावर आरोप आहे त्याला छापण्याआधी विचारणे हा उपचार नाही. उरलेली अर्धी बाजू बऱ्याचदा त्या एका फोनवर मिळते. माहिती अधिकाराचा कायदा महाराष्ट्रात २००२ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये आला. तेव्हापासून पुष्कळ कागद अर्ज करून उघडपणे मिळवता येतात. नाव न सांगण्याच्या अटीवर बोलणाऱ्याचे नाव मात्र जपावेच लागते. वृत्तपत्रांच्या वर्तनावर लक्ष ठेवणारी संस्था म्हणजे पत्रपरिषद (प्रेस कौन्सिल). पत्रपरिषद अधिनियम, १९७८ नुसार परिषदेपुढील कामकाजात वृत्तपत्राला सूत्र उघड करण्याची सक्ती करता येत नाही. न्यायालयात तसे पक्के संरक्षण नाही.

शहरी वृत्तपत्रांत कामाची वाटणी ‘बीट’प्रमाणे होते : पालिका, गुन्हे, न्यायालय, शिक्षण, मंत्रालय. रोज त्याच माणसांत वावरल्याने बातमी लवकर कळते आणि त्याच ओळखीमुळे ती लिहिताना हात आखडतो. गुन्हेवार्ताहराची अडचण अधिक, कारण त्याची बरीचशी माहिती एकट्या पोलिसांकडून येते. अटक झालेल्याला ‘आरोपी’ लिहायचे, ‘गुन्हेगार’ नाही; बलात्कारपीडितेची ओळख उघड करण्यास कायद्याने बंदी आहे. नाव गाळून गाव, गल्ली आणि वडिलांचा धंदा छापणारी बातमी नियम पाळल्याचा केवळ आव आणते.

तालुक्याच्या वार्ताहराची गोष्ट वेगळी. बऱ्याच ठिकाणी त्याला पगार नसतो, मानधन नाममात्र असते, आणि वाढदिवसाच्या जाहिराती त्यानेच आणायच्या असतात. ज्या पुढाऱ्याकडून जाहिरात घ्यायची त्याच्याच रस्त्यावरचे खड्डे मोजायचे, हे अवघड जागेचे दुखणे तत्त्वांच्या यादीने बरे होत नाही. दोष मात्र एकट्या खालच्या माणसाचा नसतो : २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर ‘पेड न्यूज’ म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेला प्रचार म्हणून जे उघडकीला आले, त्यात मोठ्या वृत्तपत्रांत वेगवेगळ्या नावांनी छापलेला एकच मजकूरही होता.

लेखनाचे तंत्र त्या मानाने सोपे. कोण, काय, कुठे, कधी, का, कसे हे सहा ककार. सर्वांत महत्त्वाचे आधी, तपशील नंतर. जागा कमी पडली की उपसंपादक शेवटून कापतो, हे यामागचे साधे कारण. ‘का’ची घाई करू नये; पहिल्या दिवशी अपघाताचे कारण सहसा कोणालाच ठाऊक नसते.

चूक झालीच तर ती तत्परतेने आणि ठळकपणे दुरुस्त करावी, असे भारतीय पत्रपरिषदेचे मानदंड सांगतात. परिषदेचे अधिकार ताकीद देणे आणि निषेध नोंदवणे यांपलीकडे जात नाहीत, वाहिन्या तर तिच्या कक्षेतच नाहीत. त्यामुळे पहिल्या पानावर सहा रकाने मथळा घेतलेल्या बातमीचा खुलासा आतल्या पानात, निविदा सूचनांच्या शेजारी, चार ओळींत सापडतो.