नसते उद्योग : हातानं वस्तू करायची हौस आली कुठून

सुट्टीच्या दिवशी घरात करवत काढून बसलं की कोणीतरी हमखास म्हणतंच, "अरे विकत मिळतं की ते, कशाला हे नसते उद्योग?" आणि म्हणणाऱ्याचं चुकत नाही बरं का. मी एकदा स्टूल केलं, फळ्या, स्क्रू, पॉलिश, शिवाय चुकीच्या मापानं कापून वाया घालवलेली एक फळी धरली तर ते तयार स्टुलापेक्षा महागच पडलं, वर एक पाय आखूड झाला तो अजून डुगडुगतो, खाली कागदाची घडी सरकवलीये. तरी कोणी त्यावर बसलं की मी उगाच त्यांच्याकडे बघत बसतो. हल्ली असल्या लोकांना 'मेकर' म्हणतात, त्यांच्या जत्रा भरतात, वर्कशॉप असतात, सगळं जगभर. शब्द नवा आहे पण खाज बरीच जुनी आहे, म्हणून जरा मागे जाऊन बघू.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढायला लागते, की पूर्वीचे लोक काय सुंदर हातानं सगळं करायचे वगैरे. करायचे, कारण दुसरा इलाजच नव्हता. सूत कातलं नाही तर अंगावर कपडा नाही, एवढा साधा हिशोब होता, आणि त्याला कोणी छंद म्हणत नव्हतं. ही हौस जन्माला आली ती कारखान्यांनी गरज संपवल्यावर. म्हणजे जी यंत्रं हातकामाची वैरी समजली जातात त्यांनीच हातकामाला मजेची गोष्ट करून टाकलं, मला तरी हा इतिहास असाच दिसतो.

१८५१ साली लंडनमध्ये काचेच्या प्रचंड महालात मोठं प्रदर्शन भरलं, यंत्रं आणि यंत्रांवर केलेला माल बघायला पाच-साडेपाच महिन्यांत ६० लाखांच्या आसपास लोक येऊन गेले. सगळीकडे वाहवा, पण काहींना तो माल बघून कसंतरीच झालं, सगळ्यावर नक्षी नुसती थापलेली आणि करणाऱ्याचा हात कुठेच दिसत नाही. जॉन रस्किन ह्या कलासमीक्षकानं त्याच सुमारास लिहिलं की जुन्या चर्चमधल्या दगडी कोरीवकामातला ओबडधोबडपणा हा दोष नाहीये, काम करणारा माणूस मोकळा होता याची ती खूण आहे. हे वाचून जे पेटले त्यातला सगळ्यात मोठा म्हणजे विल्यम मॉरिस. त्यानं १८६१ मध्ये मित्रांबरोबर कंपनी काढली, भिंतीचे कागद, कापड, फर्निचर, रंगीत काचा असं सगळं, आणि ह्या गड्याची पद्धत अशी की कुठलीही कला आधी स्वतः शिकायची. भरतकाम शिकायचं तर जुने नमुने उसवून टाका कसा घातलाय ते बघायचा.

रंगाचं तर वेडच. १८५६ मध्ये पर्किन ह्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं कृत्रिम जांभळा रंग शोधल्यापासून बाजारात भडक रसायनी रंग आले होते, ते मॉरिसला अजिबात चालायचे नाहीत, म्हणून १८७० च्या दशकात तो लीक नावाच्या गावात थॉमस वॉर्डलच्या रंगशाळेत जाऊन नीळ, मंजिष्ठा वगैरे घेऊन बसला. निळीची गंमत ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे पटेल, कापड रंगाच्या पिंपातून बाहेर काढलं की निळं नसतंच, पिवळट हिरवं असतं, आणि मग हवा लागली की डोळ्यांसमोर हळूहळू निळं होत जातं कारण हवेतल्या ऑक्सिजननंच तो रंग तयार होतो. हे बघायला माणूस किती वेळाही उभा राहील. मॉरिसचे हात त्या काळात निळेच असायचे. हातकामाचा आनंद म्हणतात तो नेमका काय, तर मला वाटतं ते ह्या पिंपापाशी सापडेल.

पण घोळ तिथेच झाला. एवढ्या कष्टानं केलेला माल स्वस्त कसा असेल? मॉरिस पक्का समाजवादी, आणि त्याची गालिचे-पडदे घेणारी गिऱ्हाईकं मात्र सगळी श्रीमंत, आणि त्याचा त्याला स्वतःलाच वैताग यायचा. पुढे १८८७ मध्ये ह्या विचाराच्या लोकांनी संस्था काढली आणि आर्ट्स अँड क्राफ्ट्स हे नाव रूढ झालं, तरी हा घोळ काही सुटला नाही. तिकडे जपानमध्ये यानागी सोएत्सु आणि त्याच्या मित्रांनी १९२५ मध्ये 'मिंगेई' हा शब्द काढला, लोकांची कला अशा अर्थाचा, आणि १९३६ ला टोकियोत त्याचं संग्रहालयच उघडलं. त्यांचं म्हणणं वेगळं होतं, की ज्या कुंभाराचं नाव कोणाला माहीत नाही त्याचा रोजच्या वापरातला वाडगा हाच खरा सुंदर. मला हे मॉरिसपेक्षा जास्त आवडतं, पण आजचा मेकर आपलं नाव सोडून देईल असं काही वाटत नाही, फोटो टाकताना तर नाहीच.

विसाव्या शतकात हौस गॅरेजमध्ये शिरली. १९०२ मध्ये शिकागोत पॉप्युलर मेकॅनिक्स हे मासिक निघालं, सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत यंत्रं आणि घरी करायच्या वस्तू. मधे युद्धानं परत सगळं गरजेवर आणलं, ब्रिटनमध्ये १९४१ पासून कपड्यांचं रेशनिंग होतं आणि १९४३ मध्ये सरकारनंच पुस्तिका काढली, आहे तेच शिवा, रफू करा, उलटवून वापरा. युद्ध संपल्यावर मात्र हौसेला पूरच आला. ब्लॅक अँड डेकरनं १९४६ मध्ये घरगुती वापराची हातातली ड्रिल मशीन बाजारात आणली, नवी घरं झाली, कारागीर बोलावणं महाग झालं आणि 'डू इट युवरसेल्फ' हा शब्द एवढा चालला की ऑगस्ट १९५४ मध्ये टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर जाऊन बसला.

ह्याच काळातली हीथकिटची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. विमानांची किट विकणारी ही कंपनी, युद्धानंतर लष्कराचे उरलेले इलेक्ट्रॉनिक पार्ट घेऊन बसली आणि १९४७ मध्ये त्यांनी ऑसिलोस्कोपचं, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचं किट काढलं, सुटे भाग आणि सोबत पुस्तिका, घरी बसून सोल्डर मारायचं. त्या पुस्तिका म्हणजे शिकवण्याचा नमुना होत्या, एकेक वायर कुठून निघून कुठे जाते ते एकेका ओळीत आणि प्रत्येक ओळीपुढे खूण करायला जागा. खूण करत करत माणूस अर्धा इंजिनीअर व्हायचा. ज्यांनी कधी सोल्डर मारलंय त्यांना माहितीये, तार तापली की शिसं कसं एकदम चकचकीत होऊन पसरतं, आणि तापली नसेल तर मळकट गोळा होऊन बसतं, त्यालाच कोरडा सांधा म्हणतात आणि पुढचे चार दिवस तो शोधण्यात जातात.

ह्या किटवाल्या पोरांमधूनच पुढचे लोक आले. १९६८ मध्ये स्टुअर्ट ब्रँडनं होल अर्थ कॅटलॉग काढला, हत्यारं कुठे मिळतील, काय वाचावं, घर कसं बांधावं, सगळं एका जाडजूड अंकात. मग जानेवारी १९७५ च्या पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्सच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हा घरी जोडायचा कॉम्प्युटर झळकला आणि ५ मार्चला कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली मीटिंग झाली. अल्टेअरला ना कीबोर्ड ना स्क्रीन, पुढे नुसती बटणं आणि लुकलुकणारे दिवे. हा डबा करतो काय असं कोणी विचारलं तर सांगायला काही नाही. तर स्टीव्ह डॉम्पियर नावाच्या मेंबरनं काय केलं, मशीन चालू असताना बाजूच्या रेडिओत खरखर येते हे त्याच्या लक्षात आलं होतं, त्यानं खरखरीचे सूर जुळवून प्रोग्रॅम लिहिला, दिवे लुकलुकतायत आणि रेडिओतून चक्क गाणं वाजतंय. क्लबनं टाळ्यांचा कडकडाट केला. उपयोग शून्य, आनंद मात्र बघा. त्याच क्लबमध्ये स्टीव्ह वॉझ्नियाक आपल्या कॉम्प्युटरच्या सर्किटच्या नकाशाच्या झेरॉक्स फुकट वाटायचा, तोच पुढे ॲपल १ झाला, पण ते सगळ्यांना माहितीये.

नंतर मात्र वस्तू बंद होत गेल्या. स्क्रू जाऊन गोंद आला, चिप इतक्या बारीक झाल्या की हातानं काही करायलाच नको, आणि हीथकिटनं १९९२ मध्ये किटांचा धंदा गुंडाळला. म्हणजे संपलंच म्हणायचं. पण नाही.

२००५ हे साल जरा नीट बघा. त्या एका वर्षात युट्युब सुरू झालं, हातानं केलेल्या वस्तू विकणारं एट्सी सुरू झालं, डेल डोहर्टीचं मेक मासिक निघालं (पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर पतंगाला कॅमेरा बांधून फोटो काढायचा प्रोजेक्ट), इटलीतल्या इव्रिया गावात आर्डुइनो नावाचं इलेक्ट्रॉनिक बोर्ड जन्मलं आणि इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठात एड्रियन बोयरनं रेपरॅप हा खुल्या थ्रीडी प्रिंटरचा प्रकल्प सुरू केला. ठरवून कोणीच काही केलं नव्हतं, पण इंटरनेट स्वस्त झालं होतं आणि दुसऱ्याचं बघून करता येणं ही गोष्ट, जी पूर्वी क्लबमध्ये गेल्याशिवाय होत नव्हती, ती घरबसल्या व्हायला लागली.

आर्डुइनोची गोष्ट तर फारच मजेची. इव्रियाच्या डिझाइन शाळेतल्या मुलांना, म्हणजे इंजिनीअर नसलेल्यांना, दिवा लावणं मोटर फिरवणं असलं काही करता यावं म्हणून मास्सिमो बांझी आणि मंडळींनी हा छोटा बोर्ड केला, त्याआधी तिथल्याच एर्नांदो बारागान ह्या विद्यार्थ्यानं वायरिंग नावाचं असंच बोर्ड आणि प्रोग्रॅमिंगचं काम करून ठेवलं होतं, त्याच्यावरच हे उभं राहिलं आणि त्याचं नाव मात्र फारसं कोणी घेत नाही. शाळा बंद पडायच्या बेतात, तेव्हा काम कुठेतरी अडकून पडण्यापेक्षा सगळी डिझाइनं खुली करून टाकली, कोणीही बनवा. आणि नाव? ही मंडळी ज्या बारमध्ये बसायची त्या बारचं, जे तिथल्या एका जुन्या राजाच्या नावावरून पडलेलं. हजार वर्षांपूर्वीचा राजा आता जगभरच्या पोरांच्या टेबलावर दिवे लुकलुकवतोय.

थ्रीडी प्रिंटरचं मूळ अजून घरगुती आहे. १९८८ च्या सुमाराला स्कॉट क्रंपला मुलीसाठी खेळण्यातला बेडूक करायचा होता, त्यानं गोंदाच्या बंदुकीत प्लास्टिक आणि मेण भरून थरावर थर घालत तो केला. त्यातून पेटंट, पेटंटातून स्ट्रॅटासिस कंपनी, आणि मग वीसेक वर्षं ही मशीनं फक्त मोठ्या कंपन्यांना परवडायची. २००९ मध्ये ते पेटंट संपलं. रेपरॅपवाल्यांनी आपलेच भाग छापू शकणारा प्रिंटर आधीच खुला करून ठेवला होता, त्यामुळे पेटंट गेल्यावर धरण फुटावं तसे स्वस्त प्रिंटर आले.

जागाही उघडत गेल्या. एमआयटीत नील गर्शेनफेल्ड १९९८ पासून जवळजवळ काहीही कसं बनवायचं असा कोर्स घ्यायचा, त्याला वाटलं आठ-दहा इंजिनीअर येतील, आणि झुंबड उडाली ती वेगवेगळ्याच लोकांची, कोणाला आपल्याला हवी तशी एकच वस्तू करायची होती, विकायची वगैरे नव्हतीच. त्यातून फॅब लॅब, म्हणजे कोणालाही वस्तू करून बघता येतील अशा वर्कशॉप निघाल्या, सुरुवातीच्या काही बॉस्टनमध्ये, नॉर्वेतल्या लिंगेनमध्ये, घानातल्या ताकोराडीत आणि पुण्याजवळच्या पाबळच्या विज्ञान आश्रमात. २००६ च्या एप्रिलमध्ये सॅन मॅटिओला पहिली मेकर फेअर झाली, २०१४ मध्ये तर थेट व्हाइट हाउसमध्ये. मग फुगाही फुटला. महिन्याची फी भरून मशीनं वापरू देणारी टेकशॉप २०१७ मध्ये बंद पडली आणि २०१९ मध्ये मेक काढणाऱ्या कंपनीचं कामकाज थांबलं, नंतर ते छोट्या स्वरूपात पुन्हा सुरू केलं.

ह्या सगळ्यात एक गोष्ट मला खटकते, ती म्हणजे विणणाऱ्या आणि शिवणाऱ्या बायकांना मेकर म्हणायला लोकांना इतका वेळ का लागला. विणकामाचा पॅटर्न वाचून बघा कधी, दोन सुलट दोन उलट, हे चार वेळा, मग एक टाका कमी, हा प्रोग्रॅम नाही तर काय आहे? लीआ बुकलीनं २००७ च्या सुमारास लिलीपॅड नावाचा आर्डुइनो केला, फुलासारखा गोल, कडेनं भोकं, वीज वाहून नेणाऱ्या दोऱ्यानं कापडावर शिवायचा. मग तिनंच पुढे जाहीरपणे विचारलं की मासिकाच्या मुखपृष्ठांवर एवढे पुरुषच का दिसतात. दुरुस्तीवाल्यांचंही तसंच, २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला मार्टिन पोस्टमानं पहिला रिपेअर कॅफे भरवला, लोक बंद पडलेले टोस्टर घेऊन येतात आणि शेजारी बसून उघडतात. नवीन काही बनत नाही तिथे, पण मला विचाराल तर मेकरपणा तिथेही तेवढाच आहे. आणि २०२० मध्ये गरज परत आलीच होती की, तेव्हा घराघरातले प्रिंटर फेस शील्डच्या पट्ट्या छापत होते आणि शिलाई मशीनं मास्क शिवत होती, छंदवाल्यांना चार महिने खरा कारखाना व्हायला लागलं.

राहिलं ते स्टूल, म्हणजे स्वतः केलेलं वेडंवाकडं आपल्याला इतकं का आवडतं. २०१२ मध्ये तीन संशोधकांचा अभ्यास छापून आला, त्यांनी लोकांना कागदाचे बगळे आणि बेडूक (परत बेडूक!) करायला लावले आणि विचारलं, तुम्ही ह्याला किती पैसे द्याल. करणाऱ्यांनी आपल्या चुरगळलेल्या बेडकाला बाहेरच्यांपेक्षा चौपटीहून जास्त किंमत लावली, ओरिगामीत मुरलेल्यांच्या कामाच्या जवळपास. पण त्यातच एक खोच आहे, वस्तू अर्धवट राहिली किंवा करून परत मोडून टाकली तर ही माया उरत नाही. माझ्या कपाटावर बाही नसलेला एक स्वेटर आणि आवाज न येणारा एक रेडिओ आहे, त्यांच्याकडे बघून हे लगेच पटतं. स्टुलाचं तसं नाही, ते पूर्ण आहे. फक्त बाकीचे तीन पाय जरा कापून त्या चौथ्याच्या मापाला आणायचेत, दोन मिलीमीटर, फार तर तीन.