प्रकल्पांचे अपयश आणि प्रकल्प व्यवस्थापन

ठरलेली मुदत, ठरलेला खर्च आणि ठरलेला उपयोग यांपैकी काही साधले नाही की प्रकल्प फसला असे मानतात. मात्र त्याचे कारण बरेचदा काम सुरू होण्यापूर्वीच रुजलेले असते.

सिडनीचे ऑपेरा हाऊस हे याचे ठळक उदाहरण. सुमारे ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये १९६३ पर्यंत पूर्ण व्हायची ही इमारत १९७३ मध्ये उघडली आणि खर्च १० कोटी २० लाखांवर गेला. छताच्या कवचांची रचना ठरलेली नसतानाच, सरकारच्या घाईपोटी, १९५९ मध्ये बांधकाम सुरू झाले. पुढे छताचा भार पेलण्याइतके खांब मजबूत नाहीत असे दिसले आणि ते नव्याने बांधावे लागले. वास्तुशिल्पी योर्न उत्झन १९६६ मध्ये बाजूला झाले. आज ती इमारत जागतिक वारसा आहे. म्हणून अंदाजपत्रक कोलमडले म्हणजे सगळेच वाया गेले, असे म्हणणेही चुकीचे ठरेल.

अंदाज चुकण्यामागे मानवी स्वभाव आहे. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवले, की माणूस आपल्या कामाचा हिशेब सगळे सुरळीत होईल असे धरून करतो. तशाच जुन्या कामांना प्रत्यक्षात किती वेळ लागला, हे पाहत नाही. त्यातच मागण्या वाढत जातात आणि वाईट बातमी वर पोहोचवायला कोणी धजत नाही. बर्लिनच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन जून २०१२ मध्ये होणार होते. अग्निसुरक्षा यंत्रणा तयार नाही म्हणून ते जेमतेम महिनाभर आधी रद्द झाले. विमानतळ उघडला २०२० मध्ये.

व्यवस्थापन पद्धतींचे खरे मोल इथे कळते: अडचण लपून राहू नये, ही त्यांची पहिली कामगिरी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ड्यू पाँट या अमेरिकी रसायन कंपनीत ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत आकाराला आली. कोणते काम एक दिवस रेंगाळले तर सगळा प्रकल्प एक दिवस लांबेल, हे ती नेमके सांगते. सॉफ्टवेअरमध्ये २००१ च्या ‘अजाइल’ जाहीरनाम्यानंतर थोडे बनवायचे, वापरणाऱ्याला दाखवायचे आणि मग पुढचे ठरवायचे, ही रीत रूढ झाली. पुलाला ती जशीच्या तशी लावता येत नाही. अर्ध्या पुलावरून कोणी पलीकडे जात नाही. तिथे आराखडा पक्का होईपर्यंत थांबावेच लागते.