सागवानाचं साइड टेबल : फळी रुंद होते, लांब होत नाही

पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं हे आपल्याकडे घराघरात माहिती आहे, जुलैत खांदा लावून ढकलावं लागतं आणि दिवाळीच्या आसपास तेच दार आपोआप सुटं होतं. पण ते अडकतं कुठे ते बघा. कडीच्या बाजूला, म्हणजे रुंदीत. दार उंचीला वाढलं म्हणून वर चौकटीला घासलं अशी तक्रार जवळपास कुणी करत नाही. लाकडाचं सगळं विज्ञान या एका गोष्टीत आहे असं मला वाटतं, आणि करवत, रंधा, पटाशी घेऊन घरी छोटं टेबल करायचं असेल तर हत्यारं विकत घ्यायच्या आधी हे समजून घ्यावं, कारण टेबलाचा जवळजवळ प्रत्येक सांधा यावरूनच ठरतो.

लाकूड म्हणजे उभ्या, अगदी बारीक नळ्यांचा जुडगा, स्ट्रॉ एकमेकांना घट्ट चिकटवून ठेवल्यासारखा. प्रत्येक नळीची भिंत सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्यांची बनलेली असते आणि या साखळ्या भिंतीच्या मुख्य थरात जवळपास उभ्याच, म्हणजे खोडाच्या दिशेनं गेलेल्या असतात. आता पाण्याच्या रेणूंना सेल्युलोज फार आवडतं, हवेतली वाफसुद्धा भिंतीत शिरते आणि साखळ्यांच्या मधे जाऊन बसते, त्यामुळे साखळ्या एकमेकींपासून बाजूला सरकतात, पण साखळीची स्वतःची लांबी काही वाढत नाही. म्हणून फळी जाडीला आणि रुंदीला फुगते आणि लांबीला जवळपास तेवढीच राहते. ओलं लाकूड पूर्ण वाळलं तरी लांबीत होणारी घट साधारण ०.१ ते ०.२ टक्के, म्हणजे विसरून गेलात तरी चालेल.

झाड नुकतं तोडलेलं असताना नळ्यांच्या पोकळीतही पाणी असतं आणि भिंतीतही. आधी पोकळीतलं पाणी जातं, तेव्हा लाकूड हलकं होतं पण आकसत नाही. साधारण ३० टक्क्यांच्या खाली ओलावा आला (लाकडाच्या कोरड्या वजनाच्या तुलनेत) की भिंतीतलं पाणी निघायला लागतं आणि तिथून आकसणं सुरू. तेही सगळीकडे सारखं नाही. खोडाच्या मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेत पेशींचे आडवे पट्टे असतात, ते बऱ्यापैकी धरून ठेवतात, म्हणून त्या दिशेत आकसणं कमी आणि वार्षिक वर्तुळांच्या बाजूनं जास्त. सागवानाचे आकडे असे आहेत: ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत मध्यापासून सालीच्या दिशेत २.५ टक्के, वर्तुळांच्या दिशेत ५.८ टक्के. फळीला बाक येतो तो या फरकामुळेच, वर्तुळं जणू सरळ व्हायला बघतात. आणि सागवानाचे हे आकडे खरं तर फार कमी आहेत, अमेरिकन बीच नावाच्या लाकडात वर्तुळांच्या दिशेत जवळपास १२ टक्के आकसणं होतं. आलापल्लीच्या जंगलातल्या सागवानाला जी किंमत मिळते त्यात हा शांत स्वभाव मोठा आहे, नुसती वाळवी लागत नाही एवढंच कारण नाही.

वाळलेलं लाकूड घरात आणलं म्हणजे विषय संपला असं मात्र होत नाही. ते आयुष्यभर हवेशी देवाणघेवाण करत राहतं. मुंबईत जुलैमध्ये हवेची आर्द्रता ८०-८५ टक्के असते, त्या हवेत लाकूड बराच काळ राहिलं तर त्याचा ओलावा १६-१७ टक्क्यांकडे जातो, आणि मे महिन्यातल्या नागपुरात दुपारच्या कोरड्या हवेत, आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास असेल तर, ५ टक्क्यांकडे उतरायला बघतो. जाड फळीला वेळ लागतो, ती दोन्ही टोकं गाठत नाही, पण एकाच घरात वर्षभरात ५ टक्क्यांचा फरक पडणं सहज शक्य आहे. आता हिशोब करा. सागवानात ओलावा १ टक्का बदलला की वर्तुळांच्या दिशेत रुंदी साधारण ०.१९ टक्के बदलते, म्हणजे ४० सेंटीमीटर रुंद टॉप ५ टक्क्यांच्या फरकात साडेतीन ते पावणेचार मिलिमीटर कमीजास्त होणार. इकडून हौसेनं नेलेला देव्हारा अमेरिकेत पहिल्याच हिवाळ्यात तडकला असं तिथले मराठी लोक सांगतात त्याचंही कारण हेच, बाहेर बर्फ आणि आत हीटर, घरातली हवा आपल्या उन्हाळ्यापेक्षाही कोरडी.

आपलं टेबल साधं धरू या. टॉप ४५ बाय ४० सेंटीमीटर, दोन सेंटीमीटर जाड, चार पाय, आणि पायांना वरच्या बाजूला जोडणाऱ्या चार पट्ट्या. एवढी रुंद एकच फळी आज परवडत नाही आणि मिळालीच तरी घेऊ नका, दोन-तीन अरुंद फळ्या कडेला कड लावून जोडलेल्या बऱ्या. वखारीत फळीचं टोक बघा, तिथे वर्तुळं फळीच्या जाडीत उभी दिसत असतील तर ती फळी निम्मीच हलेल. हात लावून, बाजूनं एक डोळा मिटून बघा, पीळ असलेली फळी सोडून द्या, हातरंध्यानं पीळ काढता येतो पण फळी अर्धी होते.

रंधा मारताना पहिला प्रश्न कुठल्या दिशेनं. नळ्या फळीच्या पृष्ठभागाला अगदी समांतर क्वचितच असतात, थोड्या तिरक्या वर येत असतात. ज्या दिशेनं त्या वर चढतात त्या दिशेनं रंधा गेला तर पातं त्यांना कापत जातं आणि लांब, पातळ ढलप्या निघतात. उलट गेलात तर पातं दोन नळ्यांच्या मधे घुसतं, पुढे फट धावते, आणि खालपर्यंत लाकूड उपसून येतं. म्हणजे कापायच्या ऐवजी आपण लाकूड फाडत असतो. डबल पात्याच्या रंध्यात वर जी दुसरी लोखंडी पट्टी असते ती यावरच उपाय आहे, आणि फार लोक ती पट्टी नुसती पात्याला आधार म्हणून आहे असं समजतात. जपानच्या यामागाता विद्यापीठातल्या काटो आणि कावाई या दोन संशोधकांनी हे सगळं अगदी जवळून कॅमेऱ्यात टिपलं, पट्टी धारेपासून मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या अंतरावर आणली की वर येणारी ढलपी लगेच मोडून पुढे ढकलली जाते आणि फट धावायला जागाच उरत नाही. ते चित्रीकरण बघण्यासारखं आहे, इतकं साधं यंत्र आणि आत एवढं चाललेलं असतं.

धारेबद्दल एकच सांगतो, सागवानात सिलिका असते, म्हणजे वाळूच, त्यामुळे पातं लवकर बोथट होतं. जोर वाढवायला लागतोय असं वाटलं की थांबा आणि दगडावर घ्या.

आता सांधा. पाय जोडणाऱ्या पट्टीचं टोक पायाला नुसतं फेविकॉल लावून चिकटवलं तर ते टिकत नाही, आणि दोष गोंदाचा नाही. टोकाला नळ्यांची तोंडं उघडी असतात, गोंद आत शोषला जातो आणि पकडायला पृष्ठभाग उरतो तो किरकोळ. उलट नळ्यांच्या बाजूला बाजू लावून चिकटवलं तर सांधा इतका पक्का होतो की तोडायला गेलात तर शेजारचं लाकूड आधी फाटेल. म्हणून पट्टीच्या टोकाला कुसू, म्हणजे कडेचं लाकूड काढून मधे ठेवलेली जीभ, काढायचं आणि पायात त्याची खाच पाडायची, मग कुसवाचे गाल खाचेच्या भिंतींना चिकटतात आणि गोंदाला हवी तशी बाजू मिळते. जर्मनीत लाइपझिगजवळ नवाश्मयुगातल्या विहिरींचे ओकचे कठडे सापडलेत, त्यातले सांधे याच जातीचे, सात हजार वर्षांपूर्वीचे. दगडी हत्यारांनी केलेले! गोंद नाही, खिळा नाही, धातूच माहिती नव्हता.

कुसू पट्टीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवतात. पट्टीची उंची मात्र भरपूर ठेवा, सात-आठ सेंटीमीटर, कारण आडव्या पट्टीचा ताठपणा उंचीच्या घनावर अवलंबून असतो, उंची दुप्पट केली की ताठपणा आठपट. टेबलाला बाजूनं धक्का लागल्यावर ते डुगडुगायचं की नाही हे या उंचीवर आणि कुसवाच्या खांद्यांवर, म्हणजे त्याच्या मुळाशी उरलेल्या पायरीवर ठरतं, खांदे पायाला चारी बाजूंनी नीट टेकले पाहिजेत, म्हणून करवतीच्या आधी धारदार सुरीनं रेघ मारा, पेन्सिलची रेघ जाड असते. इथे एक शंका यायला पाहिजे, पट्टीच्या नळ्या आडव्या आणि पायाच्या उभ्या, मग हा सांधा फुगण्या-आकसण्यानं तुटत नाही का? आठ सेंटीमीटरमध्ये वर्षाचा फरक पाऊण मिलिमीटरच्या आत असतो, तेवढं गोंद आणि लाकूड मिळून सहन करतात. वीस सेंटीमीटर रुंद पट्टी असेल तर सहन होत नाही, तिथे जुने सुतार एकच रुंद कुसू ठेवत नाहीत, दोन अरुंद करतात.

टॉपच्या फळ्या जोडल्यावर लगेच रंधा मारू नका. फेविकॉलमध्ये पाणी असतं, सांध्याजवळचं लाकूड ते पिऊन फुगतं, त्याच दिवशी सपाट केलंत तर आठवड्याभरात तिथे बारीक खळगी दिसायला लागते. दोन-तीन दिवस जाऊ द्या.

आणि मग टॉप खालच्या पट्ट्यांवर बसवायचा, जिथे सगळ्यात जास्त टेबलं बिघडतात. टॉपच्या नळ्या लांबीत, त्याच्या खाली दोन टोकांच्या पट्ट्या त्याला काटकोनात, आणि आपण चारी बाजूंनी स्क्रू मारून ते जखडतो. पावसाळ्यात टॉपला साडेतीन मिलिमीटर रुंद व्हायचंय, पट्टीला लांब व्हायचं नाही. एक तर टॉप फुगून बाक धरतो, नाहीतर उन्हाळ्यात आकसताना मधोमध चिरतो, आणि ती चीर गोंद भरून जात नाही कारण पुढच्या वर्षी परत तेच होणार. लाकूड अडवून राहत नाही. उपाय जुना आहे. पट्टीच्या आतल्या अंगाला खाच पाडायची, इंग्रजी एल आकाराचे छोटे लाकडी ठोकळे करायचे, त्यांची जीभ खाचेत आणि स्क्रू फक्त ठोकळ्यातून टॉपमध्ये. टॉप खाली घट्ट धरलेला राहतो पण रुंदीत सरकायला मोकळा. रेडिमेड फर्निचरमध्ये हल्ली लांबट भोकाच्या लोखंडी पट्ट्या असतात, काम तेच.

पॉलिश कुठलंही करा, फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, ते करा किंवा नुसतं तेल-मेण, पण टॉपच्या खालच्या बाजूलाही तितकेच हात द्या. पॉलिशनं पाण्याची ये-जा थांबत नाही, फक्त हळू होते, आणि एकच बाजू हळू झाली तर दुसरी आधी फुगते आणि फळी वाकते.

ठोकळे बसवताना कॅलेंडर बघा. टेबल ऑगस्टमध्ये करत असाल तर टॉप त्या वेळी वर्षातला सगळ्यात रुंद आहे, पुढे तो आकसणार, म्हणजे लांबीच्या बाजूचे ठोकळे आत, मधल्या दिशेनं सरकणार, तर त्यांची जीभ खाचेत खोलवर घालून ठेवा नाहीतर मे महिन्यात ती बाहेर निसटेल. मे महिन्यात करत असाल तर नेमकं उलट, पाऊस पडल्यावर टॉप बाहेरच्या दिशेनं वाढणार, तेव्हा जिभेच्या पुढे खाचेत दोन-अडीच मिलिमीटर जागा रिकामी सोडा.