स्तोत्रप्रार्थना (बेळगाव सीमाभाग)

आजारपण, मृत्यू, कर्ज, पूर, घरातला तंटा किंवा कोणाजवळ बोलता न येणारी धास्ती अशा वेळी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतले एखादे स्तोत्र स्वतःची प्रार्थना म्हणून म्हणण्याची ख्रिस्ती रीत. कर्नाटकातील बेळगाव (नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) जिल्ह्याच्या मराठी पट्ट्यात, म्हणजे बेळगाव शहर, खानापूर, निपाणी आणि चिकोडीच्या बाजूला, कॅथलिक व प्रॉटेस्टंट अशा दोन्ही घरांत ती आढळते. तिला वेगळे नाव नाही. ‘तेवीस म्हण’, ‘एक्क्याण्णव काढ’ एवढ्यावर काम भागते. आकडा हेच स्तोत्राचे नाव होऊन बसले आहे.

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांचे पाच भाग पाडलेले आहेत. ७३ स्तोत्रांच्या मथळ्यांत दावीद राजाचे नाव येते. आसाफ, कोरहाचे वंशज, शलमोन आणि मोशे यांचीही नावे काही स्तोत्रांवर आहेत. ११७ वे सर्वांत लहान, दोनच ओळींचे. ११९ वे सर्वांत मोठे, १७६ ओळींचे. हिब्रू वर्णमालेतील २२ अक्षरांना प्रत्येकी आठ ओळी अशी त्याची बांधणी आहे. हिब्रूत या पुस्तकाला ‘तहिल्लीम’, म्हणजे स्तुतिगीते, म्हणतात. नाव स्तुतीचे असले तरी आत रडणे, कुरकुरणे आणि जाब विचारणे भरपूर आहे. जर्मन अभ्यासक हेर्मान गुंकेल (१८६२–१९३२) यांनी स्तोत्रांची प्रकारवार विभागणी केली, तेव्हा विलापाची स्तोत्रे इतर कोणत्याही प्रकारापेक्षा जास्त निघाली. अडचणीत सापडलेला माणूस याच पुस्तकाकडे का वळतो, हे त्यावरून कळते.

विलापस्तोत्राची एक ठरलेली चाल असते. आधी देवाला हाक, मग तक्रार, मग मागणे, मग विश्वासाचा शब्द आणि शेवटी स्तुतीचे वचन, जवळजवळ नवसासारखे. १३ वे स्तोत्र याचा छोटा आणि नेमका नमुना आहे. सहाच ओळींचे हे स्तोत्र पहिल्या दोन ओळींत चार वेळा ‘किती काळ?’ असे विचारते. मधल्या दोन ओळींत मागणे आहे. शेवटच्या दोन ओळींत सूर एकदम पालटतो आणि गाणारा कृतज्ञतेवर येतो. मध्ये काय घडले, ते स्तोत्र सांगत नाही. परिस्थिती बदलल्याचा उल्लेख कोठेही नाही. जुन्या मंडळींत हे स्तोत्र आजाऱ्याच्या उशाशी वाचताना चौथ्या ओळीनंतर थोडे थांबायची पद्धत दिसते, आणि ती जाणतेपणाची आहे. पालटाला वेळ लागतो. काही स्तोत्रांत मध्येच ‘सेला’ हा शब्द येतो. संपूर्ण संहितेत तो ७१ वेळा आहे. तो गायक-वादकांसाठीची खूण असावा असे मानतात. कोणी तो मोठ्याने वाचतो, कोणी तेथे श्वास घेतो.

या रीतीला मराठीत बसायला जागा आधीच तयार होती. ५० व्या स्तोत्रात ‘संकटसमयी माझा धावा कर’ असे वाक्य आहे. ‘धावा’ हा शब्द अनुवादकांनी घडवलेला नाही. तो संतांच्या अभंगांतला, घरोघरी रुळलेला शब्द आहे. तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, त्याला निष्ठुर म्हणतात, आणि तरी त्यालाच हाक मारतात. त्यामुळे ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे २२ व्या स्तोत्राचे पहिले वाक्य मराठी कानाला नास्तिकपणाचे वाटत नाही. ते हक्काचे वाटते. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्ती भक्तीला अभंग-ओवीच्या वळणावर आणले. त्यांच्या पदांबरोबर सीमाभागातल्या मंडळ्यांत (गावोगावच्या चर्चमध्ये) टाळ आणि पेटीही आली. इंग्रजी चालीवरच्या गीतांपेक्षा या चालींवर स्तोत्राचा मजकूर सहज बसतो, हे एकदा ऐकले की पटते.

संकटात स्तोत्र म्हणण्याचा पायंडा ख्रिस्ती मंडळीइतकाच जुना आहे. येशूने वधस्तंभावर २२ व्या स्तोत्राची सुरुवात उच्चारली, असे मत्तय आणि मार्क सांगतात. लूकच्या शुभवर्तमानात त्याचे अखेरचे शब्द ३१ व्या स्तोत्रातले आहेत. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप अथनाशियस याने मार्सेलिनस नावाच्या आजारी गृहस्थाला एक पत्र लिहिले. कोणत्या प्रसंगी कोणते स्तोत्र म्हणावे, हे त्यात तो एकामागून एक सांगत जातो, आणि स्तोत्रे म्हणजे मनाचा आरसा आहेत असेही म्हणतो. आज मोबाइलवर फिरणाऱ्या ‘भीती वाटली तर हे, झोप येत नसेल तर ते’ अशा याद्यांचे मूळ गोत्र तेथे आहे. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचा बिशप ऑगस्टीन ४३० मध्ये शहराला वेढा पडलेला असताना मरणपंथाला लागला. तेव्हा त्याने पश्चात्तापाची स्तोत्रे लिहून भिंतीवर लावून घेतली होती आणि अंथरुणावरून ती वाचत तो रडत असे. ६, ३२, ३८, ५१, १०२, १३० आणि १४३ ही सात स्तोत्रे पुढे पश्चात्तापाची म्हणून ठरून गेली. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टने साधूंसाठी लिहिलेल्या मठनियमात सगळी १५० स्तोत्रे आठवड्याभरात म्हणायची आहेत. आजच्या कॅथलिक प्रार्थनाविधीत ती चार आठवड्यांत वाटलेली आहेत.

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० मध्ये जोसेफ टेलर यांच्यापासून सुरू झाले. १९०४ मध्ये ते मेथडिस्ट मिशनकडे गेले. उत्तरेला कोल्हापूर, सांगली, मिरज या बाजूला अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशन होते. कॅथलिकांची बेळगाव धर्मप्रांत म्हणून स्वतंत्र मांडणी १९५३ मध्ये झाली. त्याआधीपासून गोव्याकडून वर घाटावर आलेली कोकणी बोलणारी घरे खानापूरच्या बाजूला होती. मराठी, कन्नड, कोकणी, इंग्रजी अशा चार भाषा एकाच गावच्या ख्रिस्ती लोकांत नांदतात, त्याचे कारण या इतिहासात आहे. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेने सीमावाद उभा केला आणि १९६७ च्या महाजन अहवालाने तो मिटला नाही. प्रार्थनेच्या भाषेवरही त्याची सावली पडते: मराठी उपासना किती वाजता, कन्नड किती वाजता, यावरून सभासदांत कुरबुर होते. दुःखाच्या घरी मात्र हा हिशेब फारसा कोणी ठेवत नाही. ज्याला जे पाठ आहे, ते तो म्हणतो.

भाषा बदलली की स्तोत्राचा रंगही बदलतो. कन्नड बायबलात या पुस्तकाचे नाव ‘कीर्तनेगळु’. मराठी माणसाला कीर्तन म्हटले की उभा हरिदास आणि मागचा झांजवाला आठवतो. म्हणून कन्नड शाळेत शिकलेली नातवंडे ‘कीर्तने’ म्हणू लागली की आजी हसते. २३ व्या स्तोत्राची पहिली ओळ मराठीत ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ अशी आहे (जुन्या प्रतींत ‘यहोवा’). कन्नडमध्ये तीच ओळ ‘यहोवनु ननगे कुरुबनु’ अशी सुरू होते. ‘मेंढपाळ’ हा पुस्तकी शब्द आहे. ‘कुरुब’ मात्र गल्लीतला शेजारी आहे, आपल्याकडचा धनगर. या भागात धनगर उन्हाळ्यात कळप घेऊन फिरतात आणि शेतकरी खतासाठी रानात बकरी बसवून घेतात. (बकरी म्हणजे येथे बहुतेक वेळा मेंढरेच.) त्याच स्तोत्रात ‘तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात’ असे शब्द आहेत. झाडाची फांदी ओढून खाली घेणारी धनगराची आकडी ज्याने पाहिली आहे, त्याला या ओळीवर टिपणाची गरज नाही. मराठी अनुवादकांनी ‘धनगर’ शब्द का टाळला, याचे उत्तर बहुधा जातीच्या नावात असावे. कन्नडमध्ये तीच अडचण असून त्यांनी ती ओलांडली, आणि ओळ जास्त जिवंत झाली.

प्रसंग आणि स्तोत्र यांच्या जोड्या बहुतेक रूढीने ठरल्या आहेत. पुण्याला किंवा गोव्याला नोकरीसाठी निघणाऱ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून १२१ म्हणतात, कारण त्याच्या शेवटी जाण्यायेण्याच्या रक्षणाचे आश्वासन आहे. रात्री भीती वाटली तर ४ किंवा ९१. चूक कबूल करायची तर ५१. पीक घरात आल्यावर ६५, पेरणी वाया जाऊन दुबार पेरायची वेळ आली तर १२६, ज्यात आसवे गाळीत पेरणारा माणूस आहे. ६९ व्या स्तोत्रात गळ्यापर्यंत पाणी आलेला माणूस हाक मारतो; २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, घटप्रभा, मलप्रभा या नद्यांनी ज्यांच्या घरांत पाणी घातले, त्यांना त्यातली उपमा उपमा वाटत नाही. बेळगावाहून घटप्रभा, रायबाग, कुडची करत मिरजेला जाणारी रेल्वे ही पिढ्यान्‌पिढ्या आजाऱ्यांची गाडी आहे. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन रुग्णालय उभे केल्यापासून सीमाभागातली माणसे तेथे जात आली. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात ४१ किंवा ४६ वाचणे ही त्या प्रवासातलीच एक पायरी आहे.

म्हणण्याची तऱ्हा घरागणिक वेगळी असते. मेथडिस्ट आणि पेंटेकॉस्टल घरांत संध्याकाळच्या कुटुंबप्रार्थनेत एक वाचतो, मग प्रत्येकजण त्यातलीच एक ओळ घेऊन स्वतःच्या शब्दांत मागणे मांडतो. कॅथलिक घरांत जपमाळेला पहिला मान. स्तोत्र मिस्साच्या (कॅथलिक उपासनेच्या) वेळी प्रतिसादाच्या रूपाने येते आणि तो प्रतिसाद आठवडाभर तोंडात राहतो. आजारी माणसाकडे जमलेल्या प्रार्थनासभेत नाव घालून वाचण्याची पद्धतही आहे: ‘माझा’ या जागी आजाऱ्याचे नाव. बरे वाटल्यावर सभेत उभे राहून साक्ष देताना १०३ किंवा ११६ वाचून नवस फेडल्यासारखे करतात. पाळकांना (प्रॉटेस्टंट धर्मगुरूंना) ‘नवस’ हा शब्द पसंत नसतो, पण ११६ व्या स्तोत्रातच नवस फेडण्याची भाषा आहे.

पाळक आणि फादर यांचा खरा आक्षेप दुसऱ्याच गोष्टीला असतो. ९१ वे स्तोत्र कागदावर लिहून उशाखाली ठेवणे, गाडीच्या काचेवर चिकटवणे, ठरावीक आकडा मोजून म्हणणे याला ते गंडा-ताईत म्हणतात. त्यांच्या हाती एक चांगला पुरावाही आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला सांगतो, तेव्हा तो ९१ व्या स्तोत्रातल्याच ओळी पुढे करतो. एवढे सांगूनही काचेवरचे कागद निघत नाहीत, आणि चिकटवणाऱ्या सगळ्यांना अंधश्रद्ध ठरवणेही बरोबर नाही. काहींना ते पाठ नसते, आणि घाटात डोळ्यांसमोर असले की बरे वाटते.

शाप देणारी स्तोत्रे हा अवघड भाग आहे. १०९ व्या स्तोत्रात वैऱ्याची मुले अनाथ होवोत, सावकाराने त्याचे सगळे लुबाडावे असे मागितले आहे. १९७० नंतरच्या कॅथलिक प्रार्थनाविधीतून ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे पूर्ण वगळली गेली. भाऊबंदकीत जमीन गेलेल्या, कोर्टात तारखा मोजणाऱ्या माणसाला नेमकी हीच जवळची वाटतात. ती दाबून ठेवण्यापेक्षा म्हणू द्यावीत, असे काही जुने पाळक मानतात. त्यांचे म्हणणे असे की शाप देवाच्या हवाली केला की हातातली कुऱ्हाड खाली राहते.

सर्वांत कमी वाचले जाते ते ८८ वे. इतर विलापांत शेवटी येणारा पालट त्यात नाहीच. ते अंधारात सुरू होते आणि अंधार या शब्दावर संपते. प्रेतयात्रेला ९० आणि २३ ठरलेली असतात, मातीला १३०. ८८ ची वेळ येते ती नंतर, माणसे पांगल्यावर, जेवणाचे डबे येणे थांबल्यावर. ते बहुधा एकट्याने आणि मनात वाचले जाते.