द्राक्ष निर्यातीचा पहिला अर्ज आणि बिलावरचं ‘एफओबी’

निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला स्वतःच्या नावावर माल परदेशी पाठवायचा, तर आधी लागतो आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड. डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर ऑनलाइन अर्ज, फी ५०० रुपये. एकट्याची फर्म, भागीदारी, शेतकरी उत्पादक कंपनी, कुणालाही मिळतो. पॅन, पत्त्याचा पुरावा, रद्द केलेला चेक आणि ओटीपीसाठी आधारला जोडलेला मोबाइल हाताशी ठेवा. तुमचा पॅन हाच तुमचा आयईसी होतो, म्हणून नावाची स्पेलिंग पॅनवर आहे तशीच भरा.

द्राक्षाला पुढे अपेडाची, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेची, नोंदणी लागते. माल युरोपला जाणार असेल, तर कृषी विभागामार्फत ग्रेपनेट या अपेडाच्या ऑनलाइन प्रणालीवर बागेची नोंद, रेसिड्यू (औषधांच्या अंशाची) तपासणी आणि फायटो, म्हणजे माल रोग-कीडमुक्त असल्याचा दाखला. बँकेचा एडी कोडही (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या तुमच्या बँक शाखेचा क्रमांक) बंदरासाठी नोंदवून घ्या.

एवढं सगळं नीट करून माणूस फसतो तो बिलावरच्या तीन अक्षरांत. सवयीने ‘एफओबी न्हावा शेवा’ लिहिलं जातं; एफओबी म्हणजे ‘फ्री ऑन बोर्ड’, न्हावा शेवा हे मुंबईजवळचं बंदर. इन्कोटर्म्स २०२०, म्हणजे माल पोचवण्याचा खर्च आणि जोखीम कुणाची हे सांगणारे आंतरराष्ट्रीय नियम, यांत अकरा अटी आहेत. त्यांतली एफओबी फक्त जलवाहतुकीची, आणि तिच्यात माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची. आता समजा, पिंपळगावच्या पॅकहाऊसमधून रीफर (थंड कंटेनर) निघाला, कसारा घाट उतरला, बंदरातल्या टर्मिनलच्या गेटमधून आत गेला. जहाज लांबलं. कंटेनर यार्डात विजेच्या प्लगवर उभा आहे आणि रात्रीत वीज गेली. तिथे तुमचा माणूस नाही, तुमचं काही चालत नाही, तरी नासलेल्या पेट्या तुमच्याच.

म्हणून कंटेनरच्या मालाला एफसीए (‘फ्री कॅरियर’) ही अट लिहा, असं मी आग्रहाने सांगतो. ठरलेल्या जागी ग्राहकाने नेमलेल्या वाहतूकदाराच्या ताब्यात माल दिला, की जोखीम त्याच्याकडे जाते. निर्यातीचं कस्टम्स मात्र तुम्हीच करायचं. जागा मोघम नको: ‘एफसीए’पुढे पॅकहाऊसचा किंवा टर्मिनलचा पूर्ण पत्ता आणि शेवटी ‘इन्कोटर्म्स २०२०’. एलसीवर (कागदपत्रं बरोबर असली की पैसे देण्याच्या बँकेच्या हमीवर) व्यवहार असला, की बँक माल जहाजावर चढल्याची नोंद असलेलं बिल ऑफ लेडिंग, म्हणजे वाहतूकदाराची मालाची पावती, मागते. त्याची सोय २०२०च्या नियमांत आहे: ग्राहकाने आपल्या वाहतूकदाराला तसं बिल तुम्हाला द्यायला सांगायचं, पण हे करारातच लिहून घ्यावं लागतं.

शिपिंग बिलात, म्हणजे कस्टम्सला द्यायच्या निर्यातीच्या अर्जात, एफओबी किंमत भरावी लागते, ती कस्टम्सच्या हिशोबासाठी. ती बघून करारातली अट बदलू नका. पैसे कधी मिळणार आणि मालकी कधी जाणार, हे या अटी ठरवत नाहीत. त्याची कलमं वेगळी घाला.

आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये पोर्टलवर आयईसी अपडेट करा, काही बदललं नसलं तरी. नाहीतर तो निष्क्रिय होतो आणि हंगामाच्या तोंडावर शिपिंग बिल अडतं.