दिव्यांगत्वाचा पुरावा

शासकीय निवृत्तिवेतन, अनुदान, आरक्षण किंवा सवलत मागताना आपल्या दिव्यांगत्वाबद्दल सादर करावी लागणारी कागदपत्रे व माहिती. भारतात हा सारा पुरावा एका कागदावर येऊन ठेपतो: वैद्यकीय प्राधिकरणाचे प्रमाणपत्र आणि त्यावरचा टक्क्यांचा आकडा. जुन्या लेखनात ‘अपंगत्व’ आढळते. ‘दिव्यांग’ हा शब्द सरकारी मराठीत साधारण २०१६ पासून रुळला.

१९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या अधिनियमात एकवीस झाले. लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व हवे, ही रेषा मात्र तीच राहिली. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी ८० टक्के लागतात.

एकाहून अधिक दिव्यांगत्वे असतील तर टक्क्यांची सरळ बेरीज करत नाहीत. मोठा आकडा ‘अ’ व लहान ‘ब’ धरून अ + ब × (९० − अ) ÷ ९० हे सूत्र लावतात. त्यामुळे ६० आणि ३० यांचे ९० न होता ७० होतात आणि ८० ची अट हुकते. पहिल्या दिव्यांगत्वानंतर जी क्षमता उरली तिच्यातूनच दुसऱ्याची वजावट करावी, असे यामागचे गणित आहे. त्यावरचा आक्षेप असा की अल्पदृष्टी असलेल्या माणसाला कानांचाच आधार असतो. ऐकू येणे कमी झाले की त्याचे नुकसान घटत नाही, दुणावते. हा आक्षेप अधिक सयुक्तिक वाटतो.

मानसिक आजारासाठी वापरले जाणारे, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने तयार केलेले ‘आयडियाज’ हे मापन रोजच्या जगण्यातली अडचण मोजत असल्याने उजवे आहे. स्वतःची काळजी, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम या चार अंगांना प्रत्येकी ० ते ४ गुण देतात. त्यांत आजाराच्या कालावधीचे गुण मिळवतात. एकूण ७ गुण झाले की ४० टक्क्यांची पायरी येते. इथे केसपेपरइतकेच घरच्यांचे सांगणे मोलाचे असते. ‘तो काहीच करत नाही’ एवढ्याने गुण ठरत नाहीत. ‘आंघोळीला तीन-तीनदा सांगावे लागते, बादली भरून दिली तरी अंगावर तेच कपडे चढवतो’ असे सांगितले की ठरतात. कारण निदानाचा रिपोर्ट आजार सिद्ध करतो, रोजची अडचण नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या एका प्रकरणात, केवळ टक्क्यांवरून उमेदवाराला अपात्र ठरवता येणार नाही, त्याची प्रत्यक्ष क्षमता तपासावी, असे म्हटले.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो. तपासणीनंतर प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, मिळते. निर्णय मान्य नसल्यास अधिनियमाच्या कलम ५९ खाली अपील करता येते.

चढउतार असलेल्या आजारांत एका दिवसाची तपासणी अपुरी पडते. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा रुग्ण वैद्यकीय बोर्डासमोर ठणठणीत दिसू शकतो. त्याच्या वेदनेच्या झटक्यांचा पुरावा डिस्चार्ज कार्डांवर असतो: भरती झाल्याच्या आणि रक्त चढवल्याच्या तारखा.