कारल्याच्या म्हणीत मीठ राहून गेलं

'कडू कारलं, तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच.' ही म्हण माणसाच्या स्वभावाची आहे. पण चुलीपाशी बसून ऐकली, तर तिच्यात एक जिन्नस राहून गेलाय. मीठ!

परभणीला आजीच्या घरी कारल्याच्या काचऱ्यांची सुरुवात मिठानंच व्हायची. कारलं वरून खरवडायचं, पातळ चकत्या करायच्या, मीठ चोळायचं आणि परात एका अंगाला उचलून ठेवायची. अर्ध्या तासात चकत्यांवर पाण्याचे मणी धरायचे, हिरवट पाणी उताराला साचायचं. मग त्या मुठीत घेऊन घट्ट पिळायच्या. करडईचं तेल सढळ हातानं, मोहरी, हिंग. काचऱ्या कुरकुरीत होत आल्या की तिखट, दाण्याचा कूट आणि शेवटी गुळाचा खडा. सोबत जवारीची भाकरी.

चरकसंहितेत पालेभाज्यांसाठी असाच क्रम सांगितलाय: 'स्विन्नं निष्पीडितरसं स्नेहाढ्यम्'. म्हणजे वाफवावी, रस पिळून टाकावा आणि भरपूर स्नेह, म्हणजे तेल-तूप, घालावं. आजीनं वाफेच्या जागी मीठ घेतलं, एवढाच फरक. आयुर्वेदाच्या मते तिक्त रस, म्हणजे कडू चव, वायू आणि आकाश या महाभूतांचा. तो कफ-पित्त शमवतो, पण स्वतः रूक्ष असल्यानं वात वाढवतो. मग त्याला तेलातुपाची जोड हवीच. आपल्याकडे मराठवाड्यात तर हवा कोरडी आणि जवारीही रूक्ष मानलेली. त्यामुळे काचऱ्यांत तेलाचा हात फार आखडू नये, असं मला वाटतं.

इथं शब्दांचा एक घोळ होतो. संस्कृतातला 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. आपला 'कडू' आला 'कटु'वरूनच, पण वाटेत अर्थ बदलून. त्रिकटू म्हणजे सुंठ, मिरे, पिंपळी. त्यात कडू काहीच नाही. 'कटू रस कमी घ्या' असं वाचून कुणी कारलं बंद केलं, तर ते चुकीचंच पथ्य.

आता जिभेकडे येऊ. कडू चव ओळखणारे सुमारे 25 प्रकारचे ग्राही (रिसेप्टर) माणसाकडे आहेत. मीठ दोन कामं करतं. एक तर ते पेशींतलं पाणी बाहेर ओढतं आणि त्या पाण्याबरोबर थोडा कडवटपणा निघून जातो. (थोडं क जीवनसत्त्वही जातं, म्हणून तासन्‌तास ठेवू नये.) दुसरं काम जिभेवरच चालतं. मिठातलं सोडियम अनेक कडू पदार्थांची चव तिथंच दाबतं. 1997 साली ब्रेस्लिन आणि ब्यूशॅम्प या चवीच्या अभ्यासकांनी कडू आणि गोड एकत्र केलेल्या द्रावणात सोडियमचा क्षार घालून पाहिला. कडवटपणा दबला आणि त्याच्याआड लपलेली गोडी वर आली. गुळाची तऱ्हा वेगळी. जिभेच्या एका बाजूला कडू आणि दुसऱ्या बाजूला गोड ठेवलं तरीही कडू कमी लागतं, कारण ही तडजोड बरीचशी मेंदूत होते. मिठाला मात्र कडवटपणाच्या जागीच असावं लागतं. आधी मीठ चोळलेल्या काचऱ्यांना गुळाचा एवढासा खडा पुरतो, तो यामुळेच. तेलात विरघळणारे काही कडू रेणू तेलातच राहतात, लाळेत कमी उतरतात.

तरीही सगळा कडूपणा काढून टाकू नये. तिक्त रस स्वतः न रुचणारा, पण अरुची घालवणारा, असं चरकांनी म्हटलंय. पाडव्याला कडुनिंबाची पानं गूळ, जिरं, ओवा घालून वाटतात, त्यातही कडू जिभेला कळेल एवढं ठेवलेलंच असतं. कारलं उकळून, पाणी फेकून, वर गुळाचा पाक करणाऱ्यांनी मग दुसरी कुठलीही भाजी केली तरी चालेल.

एका ठिकाणी मात्र हे काहीच करायचं नाही. दुधी किंवा दोडका कडू निघाला तर मीठ, गूळ, तेल काहीही लावून तो खपवू नका. त्या कडवटपणामागे कुकुर्बिटॅसिन नावाची विषारी द्रव्यं असतात, ती शिजवूनही जात नाहीत. कडू दुधीच्या रसानं माणसं दगावली आहेत. आजी दुधी चिरण्याआधी देठाकडचा नखाएवढा तुकडा जिभेच्या टोकाला लावून थुंकायची. कडू लागला की अख्खा दुधी उकिरड्यावर जायचा, गुरांपुढेही नाही.